वानवळा आणि सँपल

२०२४च्या मार्चअखेरीला एका सकाळी माझ्या जुन्या साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. तीन वर्षांत पहिलाच. आधी माझी खुशाली, मग नाशिकच्या उन्हाची चौकशी, मग मुद्दा: तुझी ती चिनी रूममेट होती, तिचा कॉन्टॅक्ट अजून आहे का तुझ्याकडे? आणि शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं: भारतातल्या मार्केटबद्दलही एकदा निवांत बोलू या.

साहेब म्हणजे ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडजवळच्या बरोसा खोऱ्यातल्या एका छोट्या वायनरीचे मालक. मी तिथे काही वर्षं सेलरमध्ये काम केलं. मेसेजचं कारण शोधावं लागलं नाही. चीनने ऑस्ट्रेलियन वाइनवरचा जबर आयातकर उठवल्याची बातमी नुकतीच आली होती.

मी रागावले. माणसं किती सहज माणसांना विसरतात आणि किती सहज आठवतात, वगैरे वगैरे. हा राग साधारण दहा मिनिटं टिकला. मग मी तिचा ईमेल आयडी शोधायला लागले, आणि आमच्यातलं शेवटचं पत्र सापडलं. फेब्रुवारी २०२१चं. तिचं. त्याला मी उत्तर दिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी ज्या प्रश्नाशी झगडतेय तो फुटबॉलच्या एका सामन्यापासून सुरू झाला होता. म्हणून हा लेख फुटबॉलबद्दलही आहे.

घरातून बाहेर जाणाऱ्या दोन टोपल्या

मी निफाड तालुक्यातली, घरी द्राक्षबाग. आमच्याकडे बागेतली द्राक्षं विक्रीच्या मालाआधी दोन वाटांनी बाहेर जातात.

एक म्हणजे वानवळा. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: शेतात जे पिकतं त्यातलं थोडं शेजारीपाजारी, सोयरेधायरे, गावातला मास्तर, यांच्याकडे पोचवायचं, त्याला वानवळा म्हणतात. माझी आजी घड कापायची आणि मला पिटाळायची. कुणाकडे पाटी, कुणाकडे पिशवी.

दुसरं म्हणजे सँपल. व्यापारी येतो, चार घड बघतो, साखर किती उतरली ते मोजतो, मण्याची साइज बघतो. आम्हीही त्याला बागेतल्या चांगल्या ओळीकडेच नेतो. सौदा जमला तर तो आपला माणूस. नाही जमला तर पुढल्या हंगामापर्यंत फोन उचलत नाही.

द्राक्षं दोन्हीकडे त्याच वेलाची. मग फरक कशात? लहानपणी मला वाटायचं, वानवळ्यात काही परत मिळण्याची अपेक्षा नसते. पण ते खरं नाही. आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. द्राक्षांच्या पाटीतून कुणाची तूर यायची, कुणाच्या शेवग्याच्या शेंगा यायच्या. आणि कोणाकडून काहीच येत नाही हे आजीला पक्कं ठाऊक असायचं. ती बोलूनही दाखवायची. पण पुढल्या वर्षी पाटी त्यांच्याकडेही जायची.

ऑलिव्हचा चेंडू

२०१६ साली मी वाइन बनवण्याचं शास्त्र शिकायला अ‍ॅडलेडला गेले. रूममेट चीनमधल्या हफेई शहरातली, अकाउंटिंग शिकणारी. तिला तिखट चालायचं, मला तिचे डंपलिंग. एवढ्यावर आमचं जमलं.

परदेशी विद्यार्थ्यांना फूटीची फुकट तिकिटं मिळाली, म्हणून आम्ही दोघी पहिल्यांदा मैदानावर गेलो. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. क्रिकेटचं लंबगोल मैदान, अठरा-अठरा खेळाडू, चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. म्हणजे थोडक्यात चुकलात तरी पदरात एक गुण पडतो. चेंडू फेकायला बंदी. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. गोल झाला की पंच पांढरे झेंडे फडकवतो. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८मध्ये पत्र लिहून सुचवलं, की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांनी अंग हलतं ठेवायला काहीतरी खेळावं. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. देशातल्या काही राज्यांत या खेळापुढे दुसरं काही सुचत नाही, आणि देशाबाहेर तो व्यावसायिक पातळीवर कुठेच नाही.

चिनी भाषेत रग्बीला 'ऑलिव्हचा चेंडू' म्हणतात, चेंडूच्या आकारावरून. माझी रूममेट फूटीच्या चेंडूलाही ऑलिव्हच म्हणायची. पहिल्या सामन्यात तिला काही कळलं नाही. तिसऱ्यात ती उभी राहून ओरडत होती. चौथ्याच्या आधी तिने स्वतःच्या पैशाने पोर्ट अ‍ॅडलेड क्लबचा स्कार्फ घेतला, काळा, पांढरा आणि हिरवट निळा.

आणि मग १४ मे २०१७ला, रविवारी, पोर्ट अ‍ॅडलेड आणि गोल्ड कोस्ट सन्स यांचा सामना शांघायच्या जिआंगवान स्टेडियमवर झाला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बाहेर गुणतक्त्यात धरला गेलेला हा पहिलाच सामना. त्याआधी २०१०मध्ये तिथे एक प्रदर्शनीय सामना झाला होता, पण यावेळचं प्रकरण मोठं होतं. एप्रिल २०१६मध्ये तेव्हाचे पंतप्रधान माल्कम टर्नबुल शांघायला गेले असताना या योजनेचा गाजावाजा झाला होता. एक चिनी बांधकाम कंपनी प्रायोजक होती. डिसेंबर २०१५मध्ये दोन्ही देशांचा मुक्त व्यापार करार लागू झाला होता. 'क्रीडा राजनय' या विषयावर सरकारने वेगळं धोरणच काढलं होतं. पोर्ट अ‍ॅडलेड ज्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातला, ते राज्य वाइनचं, आणि वाइनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन होऊ घातलेलं. खेळाडूंच्या पाठोपाठ मंत्री, अधिकारी, व्यापारी शांघायला पोचले.

आम्ही घरी टीव्हीवर बघत होतो. मैदानात १०,११८ प्रेक्षक. त्यातले बरेचसे ऑस्ट्रेलियाहून गेलेले. पोर्ट अ‍ॅडलेड ७२ गुणांनी जिंकलं. रूममेटने स्कार्फ घातला होता. दुसऱ्या क्वार्टरच्या सुमारास तिने विचारलं, "यांना आमच्याकडून काय हवंय?"

मी हसून म्हटलं, "तुम्ही वाइन प्यावी, एवढंच."

"मग वाइनच पाठवा की. खेळ कशाला?"

मैत्रीचा उपयोग

याचं सोपं उत्तर आहे, की सगळं धंद्यासाठीच असतं. आपल्या पिढीला हे उत्तर फार आवडतं. त्यात एकदा हसलं की विचार करायची गरज राहत नाही. पण ते उत्तर मला पुरत नाही, कारण तिचा स्कार्फ खरा होता. फुकट तिकीट कुणाच्या तरी मार्केटिंगच्या बजेटमधून आलं असेल, पण शेवटच्या मिनिटाला तिचा घसा बसायचा तो बजेटमधून येत नव्हता.

क्रीडा राजनयाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण घ्या. एप्रिल १९७१, जपानमधलं नागोया, टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा. अमेरिकन खेळाडू ग्लेन कोवन चिनी संघाच्या बसमध्ये चढला. तेव्हा या दोन देशांचे राजनैतिक संबंधच नव्हते, आणि अमेरिकनाशी बोलणं चिनी खेळाडूला महागात पडू शकत होतं. बसमध्ये शांतता. मग तीनदा जगज्जेता झालेला च्वांग त्सतुंग मागून उठून आला, दुभाष्यामार्फत बोलला आणि त्याने कोवनला रेशमावर विणलेलं ह्वांगशान डोंगराचं चित्र दिलं. (हे डोंगर माझ्या रूममेटच्या प्रांतातले. ही गोष्ट मला तिनेच सांगितली, जरा मिरवत.) कोवननेही नंतर त्याला टीशर्ट दिला. काही दिवसांत अमेरिकन संघाला चीनचं आमंत्रण गेलं, आणि फेब्रुवारी १९७२मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन बीजिंगला पोचले.

आता यात खरं काय आणि डाव काय? दोन्ही सरकारं एकमेकांकडे वाट शोधतच होती. माओंना निमित्त हवं होतं, निक्सनना निवडणुकीचं वर्ष दिसत होतं. त्यांनी त्या रेशमी चित्राचा वापर केला. पण म्हणून बसमध्ये उठून उभं राहणाऱ्या माणसाचं देणं खोटं ठरतं का? मला नाही वाटत. वरच्या माणसाने फायदा उचलला म्हणून खालच्या माणसाची माणुसकी नकली होत नाही.

इथे इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याची एक गोष्ट कामाला येते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं तो सांगतो. शाळेत-कॉलेजात आपण हे वाक्य ऐकतो आणि त्यातला 'केवळ' गाळून टाकतो. आपण सगळेच एकमेकांचा उपयोग करून घेतो. रिक्षावाला मला पोचवतो, मी त्याला भाडं देते. त्यात अनैतिक काही नाही. गडबड 'केवळ'मध्ये आहे. पोचल्यावरही तो माणूसच आहे हे मला दिसतं का, एवढाच प्रश्न.

म्हणजे शांघायच्या सामन्यामागे वाइन होती, हा आरोप पुरेसा नाही. वाइन निघून गेल्यावर मागे काय उरलं, हे बघायला हवं. त्याआधी आणखी एक बघायला हवं: घराशेजारच्या माणसाला पाटी गेली होती का?

शेजारी

चिनी माणूस ऑस्ट्रेलियाला २०१७मध्ये भेटला नाही. १८५०च्या दशकात सोनं सापडल्यावर हजारो चिनी व्हिक्टोरियाकडे निघाले. व्हिक्टोरियाने १८५५मध्ये जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर लावला. म्हणून जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात, रोब नावाच्या छोट्या बंदरात थांबू लागली, आणि माणसं तिथून शेकडो किलोमीटर चालत सोन्याच्या खाणींपर्यंत गेली. हे तेच राज्य, जिथून पुढे फूटीचा संघ शांघायला गेला.

त्या चिनी माणसांना फूटी दाखवायला कुणाला मंत्री घेऊन जावं लागलं नाही. १८९०च्या दशकात बॅलरॅटमध्ये चिनी खाणवाले आणि चिनी भाजीमळेवाले एकमेकांविरुद्ध फूटी खेळले, धर्मादाय कामाला पैसे जमवण्यासाठी. बघायला आलेले गोरे लोक हसायलाही आले असतील. पण ते खेळले.

१९०१मध्ये गोऱ्यांखेरीज इतरांना देशाबाहेर ठेवणारा कायदा झाला. १९०८मध्ये वॉली कूच्यू नावाचा खेळाडू मेलबर्नच्या कार्लटन क्लबकडून वरच्या लीगमध्ये उतरला. त्याचे वडील चिनी होते. क्लबच्या एका सभासदाने निषेध म्हणून आपलं सभासदत्वाचं तिकीट परत केलं. कूच्यू चार सामने खेळला.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, असं म्हणाल तर जवळची सांगते. अ‍ॅडम गुड्स हा आदिवासी खेळाडू. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक दोनदा मिळवलेला, २०१४चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'. वंशद्वेषाबद्दल तो बोलला, आणि नंतर जवळपास प्रत्येक मैदानावर हजारो लोक त्याची हुर्यो उडवू लागले. २०१५मध्ये त्याने खेळ सोडला. लीगने आणि सगळ्या अठरा क्लबांनी त्याची जाहीर माफी मागितली ती जून २०१९मध्ये. त्याच महिन्याच्या २ तारखेला शांघायमध्ये तिसरा सामना झाला होता. परक्याच्या दारी वाजतगाजत आणि घरच्या माणसाचं देणं चार वर्षं थकलेलं.

यावरून फूटी हा वाईट लोकांचा खेळ आहे असा अर्थ काढू नका. शेजाऱ्याला न देता लांबच्या गावी पाठवलेली टोपली सँपलच असते, एवढंच मला म्हणायचंय. लांबच्या गावात काय आहे जे शेजाऱ्याकडे नाही? बाजार.

गरज सरो

इथवर मी दुसऱ्यांबद्दल बोलले. आता माझं.

शिक्षण संपल्यावर मी त्या वायनरीत लागले. मालकांना चीनमध्ये शिरायचं होतं. माहितीपत्रक चिनी भाषेत हवं होतं. भाषांतराच्या एजन्सीचे पैसे परवडत नव्हते. मी म्हटलं, माझी रूममेट करेल. तिने केलं. रात्री जागून, फुकट, माझ्यासाठी. लेबलवरची आमच्या वाइनची वर्णनं शब्दशः उतरवली असती तर तिकडे हसू झालं असतं, म्हणून तिने ती नव्याने लिहिली. ओल्या मातीचा वास, वाळवलेली बोरं, असं काहीबाही. नंतर दोन चिनी खरेदीदार आले तर त्यांना फिरवायलाही तीच. २०१९च्या सामन्याला मालक शांघायला गेले ते तिचं माहितीपत्रक घेऊन. सेलरमध्ये माझं वजन वाढलं. तिला मी एक वाइनची बाटली दिली. मैत्रीत हिशेब कसला, असं तीही म्हणाली आणि मीही.

जानेवारी २०२०मध्ये ती चिनी नवीन वर्षासाठी घरी गेली. १ फेब्रुवारीपासून ऑस्ट्रेलियाने चीनमधून येणाऱ्या परदेशी लोकांना प्रवेश बंद केला. ती तिकडेच अडकली. तिची खोली, पुस्तकं, सायकल, स्कार्फ सगळं इथे. मी खोके भरले, एका मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये ठेवले. सुरुवातीला रोज बोलायचो.

मग गोष्टी भराभर झाल्या. त्या वर्षीचा शांघायचा सामना आधीच कोरोनामुळे हलवला गेला होता. एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाने साथीच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मे महिन्यात चीनने ऑस्ट्रेलियन बार्लीवर ८० टक्क्यांहून जास्त कर लावला. नोव्हेंबरमध्ये वाइनवर १०० टक्क्यांहून जास्त, आणि पुढच्या मार्चपर्यंत तो काही वाइनवर २१८ टक्क्यांपर्यंत गेला. आमच्या सेलरमध्ये चीनसाठी लेबल लावलेल्या बाटल्या तशाच पडून. माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा मीही त्यात होते. २०२१मध्ये मी परत आले.

भारतात जून २०२०पासून वीचॅटवर बंदी होती. आम्ही दोघी तिथेच बोलायचो. ईमेल होताच. पण बंदीने मला एक सोयीचं कारण दिलं. गलवाननंतर आमच्याकडे वातावरणही असं, की चिनी मैत्रिणीबद्दल कुणाला सांगायलाही नको वाटायचं. पण खरं कारण हे नव्हतं. माहितीपत्रकाची गरज उरली नव्हती. तिच्याशी बोललं की गेलेली नोकरी आठवायची. तिने फेब्रुवारीत लिहिलं होतं: माझ्या खोक्यांचं काय झालं? आणि यंदा पोर्ट कसं खेळतंय? सामने आता इकडे सहज दिसत नाहीत.

मी उत्तर दिलं नाही. उद्या देऊ म्हणता म्हणता.

गरज सरो वैद्य मरो, ही म्हण आपण नेहमी दुसऱ्यांसाठी वापरतो.

शांघायचा सामना पुन्हा झाला नाही. बार्लीवरचा कर ऑगस्ट २०२३मध्ये गेला, वाइनवरचा मार्च २०२४मध्ये. व्यापार परत आला तो बैठका, वाटाघाटी आणि दोन्ही बाजूंची सोय बघून. त्याला फूटीची मदत लागली नाही, आणि फूटीला परत बोलावण्याचीही कुणाला घाई नव्हती. मग रूममेटचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. वाइनच पाठवायची होती तर खेळ कशाला पाठवला? कारण खेळ आला की माणसं मनापासून काहीतरी देतात. वाइनचा ग्राहक पैसे देतो आणि मोकळा होतो. खेळाचा चाहता त्याहून जास्त देतो: रविवार, घसा, कुणाला तरी 'आपले' म्हणण्याची सवय. त्याच्याकडून हे घ्यायचं आणि दौरा संपल्यावर निघून जायचं, यात फसवणूक आहे. करारात कुठे लिहिलेली नसली तरी.

ग्वांगतुंगहून आलेल्या छन शाओल्यांग या तरुणाला पोर्ट अ‍ॅडलेडने आपल्याकडे घेऊन शिकवलं होतं. मेलबर्नमध्ये हौशी देशांची जी स्पर्धा व्हायची तिच्यात चीनचा संघ २००८पासून खेळत आला होता, म्हणजे शांघायच्या सामन्याच्या कितीतरी आधीपासून. या मुलांना राजनयाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ऑलिव्ह आवडला होता.

आपला खेळ दुसऱ्याला देणं

आपण मराठी लोक यात कुठे बसतो? कबड्डी आशियाई खेळांत पदकाचा खेळ म्हणून पहिल्यांदा आली ती १९९०मध्ये, आणि तीही बीजिंगमध्ये. आपला खेळ चिनी प्रेक्षकांपुढे नेण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. भारताने सुवर्ण जिंकलं आणि पुढे जिंकतच राहिला. आपला खेळ जगात पोचला, असं आपण म्हणत राहिलो. जग मात्र दर वेळी आपल्याकडून हरायला येत होतं.

२०१८मध्ये जकार्तात ते थांबलं. पुरुषांचा संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला. महिलांचा अंतिम सामना इराणने २७-२४ असा जिंकला, आणि इराणच्या महिलांच्या प्रशिक्षक होत्या आमच्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. एका काकांनी त्यांना घरभेदी ठरवलं. माझ्या वडिलांनी, जे सहसा फक्त बाजारभाव टाकतात, लिहिलं: "वानवळा दिलेल्या काडीला तिकडे आपल्यापेक्षा गोड द्राक्ष लागलं तर काय झालं?"

आमच्याकडे द्राक्षाची काडीही देतात. नवीन बाग लावणाऱ्याला आपल्या चांगल्या वेलाची काडी द्यायची. घड खाल्ला की संपतो. काडी दिली की समोरचा तुमच्या बरोबरीचा बागायतदार होतो. उद्या त्याच बाजारात तुमचा भाव पाडू शकतो. तरीही देतात.

शैलजाताईंनी काडी दिली. शांघायला गेलेला सामना हा बहुतेक घडच होता, तोही बघण्यापुरता. समोरच्याला प्रेक्षक व्हायला बोलावलं होतं. उद्या आम्हाला हरवायला ये, असं आमंत्रण त्यात फारसं नव्हतं. छनसारखा एखादा अपवाद. दुसऱ्याला खेळ खरोखर दिला असेल तर कधीतरी त्याच्याकडून हरावं लागतं, आणि ते हरणं गोड मानून घ्यावं लागतं. जकार्तात ते आपल्यालाही फार जमलं नाही, हेही खरंच.

हे मी दुसऱ्या देशाला शिकवायला लिहीत नाहीये. ९ मार्च २०२३ला अहमदाबादच्या कसोटीआधी दोन पंतप्रधान सजवलेल्या गाडीतून मैदानाला फेरी मारत होते तेव्हा मीही टीव्हीपुढे होते आणि मलाही बरं वाटलं. त्याआधीच्या डिसेंबरात भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार लागू झाला होता. त्यात महागड्या वाइनवरचा आपला आयातकर १५० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर आला. मालकांच्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य त्या फेरीला जोडूनच वाचायला हवं. उद्या मी त्यांच्यासाठी मराठीत माहितीपत्रक लिहीनही. त्यात वाईट काही नाही. फक्त यावेळी पैसे घेईन.

पत्र

मालकांना मी कळवलं की तिला विचारल्याशिवाय कॉन्टॅक्ट देता येणार नाही. मग तिला लिहायला बसले. तीन दिवस लागले. प्रत्येक मसुद्यात मी स्वतःला थोडं बरं दाखवत होते. वीचॅटवरची बंदी, आईचं आजारपण, कामाचा ताण. शेवटी सगळं खोडून चार ओळी लिहिल्या. तुझ्या पत्राला तीन वर्षं उत्तर दिलं नाही. कारण काही नाही, टाळलं. तुझी खोकी मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये आहेत, मी तिला विचारलं, सायकल गंजली पण बाकी शाबूत आहे. आणि खाली: मालक तुझा पत्ता मागतायत, द्यायचा की नाही तू ठरव.

ही शेवटची ओळ लिहावी की नाही यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. लिहिली तर पत्र कामासाठीच लिहिलंय असं दिसणार. लपवली तर ते खरोखरच तसं होणार.

दोन दिवसांनी उत्तर आलं. पहिलं वाक्य: "वाइनवरचा कर उठला ते मीही वाचलं. तेव्हाच म्हटलं, आता कुणीतरी आठवण काढणार."

मी ते वाक्य बराच वेळ बघत बसले. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कर उठला नसता तर मी लिहिलं असतं का? नसतं. हे पत्र वानवळा होतं की सँपल, हे ठरवायचा हक्कही माझा नाही, तिचा आहे.

पुढे तिने लिहिलं होतं की मालकांना पत्ता देऊ नकोस, भाषांतराचे दर आता तुमच्या वायनरीला परवडायचे नाहीत. मग एक ओळ सोडून: स्कार्फ धुऊन पाठव. आणि यंदा बाग कशी आहे?

गॅरेजवालीने स्कार्फ हफेईला पाठवला. बागेबद्दल मी दर महिन्याला लिहिते. आता छाटणी झाली, आता फुटवे आले, आता अवकाळीने घड गेले. ती कधी लगेच उत्तर देते, कधी दोन महिने देत नाही. मी मोजते, खोटं कशाला बोलू. आजीसारखंच मोजते. आणि पुढल्या महिन्यात लिहिते.